माळ घालून मुंबईला

नेसरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला प्रतापराव गुजर आणि ती खिंड आठवते. आम्हा गावकऱ्यांच्या मनात मुंबईही तितकीच जवळ असते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी गिरणीत कामाला होतं. आमच्या घरात माळ आहे. आजोबांनी पंढरपुरात घातली, आबांनी सांभाळली, आता माझ्या गळ्यात आहे. त्यामुळं गेली पन्नास वर्षं मुंबईला निघताना घरात पहिला प्रश्न एकच निघतो: जेवायचं कुठं?

कोल्हापूरकडचा माणूस म्हणजे तांबडा-पांढरा, असं समोरचा धरूनच चालतो. पण गडहिंग्लज भागात माळकरी आहेत, लिंगायत समाज मोठा आहे, आणि या घरांचं रोजचं ताट म्हणजे शाळूची भाकरी, आमटी, एखादी उसळ आणि खर्डा. परगावी हे ताट मिळालं की पोट भरतं. ते नसेल तर पोट फुगतं, भरत नाही.

१९७६ साली आबांबरोबर मी पहिल्यांदा मुंबई पाहिली. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी दादरला उतरलो आणि लालबागच्या गाळ्यावर गेलो. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीसेक माणसं, प्रत्येकाची एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. जेवण चाळीतल्याच एका मावशींच्या खानावळीत. पहिल्या पाळीची माणसं जेवून गेली की दुसरी पाळी पाटावर बसायची. त्या दिवशी नेमका रविवार होता, मटण शिजत होतं. आबा उंबऱ्यातच थबकले. मावशींनी त्यांच्या गळ्यातली माळ बघितली आणि आतूनच म्हणाल्या, "या आबा, बसा. माळकऱ्यांचं भांडं येगळं हाय, पळीसुदिक येगळी. काळजी करू नगासा." आबा बसले. शेजारच्या पाटावर मटण होतं, आमच्या पानात पावट्याची आमटी. आबांनी उलटून एक शब्द विचारला नाही.

मला आजही वाटतं, शहरातली सगळ्यात भरवशाची शाकाहारी जागा तीच होती. भिंतीवर पाटी नव्हती, एका बाईचा शब्द होता.

या बायकांचे हाल मात्र फार होते. वाणसामान उधारीवर भरायचं, सावकाराचं व्याज फेडायचं आणि गड्यांचा पगार होईपर्यंत वाट बघायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाचा इतिहास लिहिताना युनियनची नावं येतात, पुढाऱ्यांची येतात. रोज पहाटे उठून भाकऱ्या बडवणाऱ्या या बायकांना त्यात जेमतेम एखादी ओळ मिळते, याचा मला राग येतो.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, कित्येक गावी परतले. गाळे ओस पडले आणि मावशींची खानावळही बंद झाली. त्यानंतर मुंबईत आम्हाला हॉटेलं शोधावी लागली.

हॉटेलांनी उपाशी ठेवलं नाही, हे खरंच. माटुंग्याला ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, हवं तितकं. काळबादेवीत १९४५ चं ठाकर भोजनालय आहे. तिथला वाढपी तूप वाढताना हात आखडत नाही, पण आमटीतला गूळ आबांना कधी मानवला नाही. दादरचं मामा काणे तर १९१० चं. एकादशीची पंचाईतही दादरनंच सोडवली. शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशमधला साबुदाणा वडा आणि पियूष यांवर आमची अख्खी आषाढी निघाली आहे.

एकदा मात्र फसलो. नाव सांगत नाही, पण स्टेशनजवळच्या एका हॉटेलात व्हेज म्हणून मागवलेल्या भातात मटणाचा तुकडा निघाला. आबा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसेपर्यंत केळी आणि पाणी, एवढ्यावर राहिले. चिडले नाहीत, ओरडले नाहीत. "त्या मावशी असत्या तर," एवढंच बोलले.

१९९५ मध्ये युतीच्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली, तेव्हा आम्ही मनापासून आनंदलो. आपली भाकरी राजधानीत चौकाचौकात! पण हळूहळू त्या टपऱ्यांवर वडापाव आणि चहाच विकला जाऊ लागला, भाकरी दिसेनाशी झाली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन आलं. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. गरिबाच्या पोटाला मोठाच आधार झाला, पण त्या ताटातही भाकरी नव्हती.

दरम्यान, २००१ च्या नियमांनी पाकिटांवर हिरवा ठिपका आणला. त्याचा मला खराखुरा उपयोग झाला. प्रवासात बिस्किटाचा पुडा घेताना त्यात अंडं आहे का, हे कुणाला विचारावं लागेना. पाठोपाठ 'शुद्ध शाकाहारी'च्या पाट्याही वाढल्या. त्या पाटीखाली पनीर असतं, मंचुरियन असतं, नूडल्स असतात. शाळूची भाकरी मागितली तर वेटर मालकाकडं बघतो. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनं शाकाहारी डब्यांसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी माणसं नेमायचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो हिरवा गणवेश मागे घेतला. बरं झालं. लालबागच्या त्या खोलीत मटण खाणारे आणि माळकरी मांडीला मांडी लावून जेवले आहेत, आणि माळेला कधी बाध आला नाही. पाळायचं ते भांड्यात पाळावं, माणसांत पाळू नये.

मागच्या वर्षी नातीच्या प्रवेशासाठी मुंबईला गेलो. लालबागला चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. त्याच्या मागच्या गल्लीत एक पोळी-भाजी केंद्र सापडलं. आत तिघी बायका, एक गॅस, दोन तवे. भाकरी मिळेल का, असं विचारलं तर त्यांतली एक म्हणाली, "काका, सकाळी सांगितलं असतं तर केली असती. उद्या या, ज्वारीची करून ठेवते." दुसऱ्या दिवशी गेलो. दोन भाकऱ्या, मुगाची उसळ आणि वर न मागता खर्डा. मी माळ दाखवली नव्हती, तरी भाजीची पळी वेगळी आहे ना, असं मला विचारावंसं वाटलं नाही.

आपल्या भागातून मुंबईला जाणाऱ्यांना म्हणून सांगतो. अशी केंद्रं लालबाग, दादर, गिरगावात गल्लोगल्ली आहेत. पोहोचल्या सकाळीच जाऊन भाकरी सांगून ठेवा, आणि पैसे देताना घासाघीस करू नका.