रुग्णामागे उरलेली औषधे

दिनांक ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून जे तरुण या नव्या नगरीत कामास आले, त्यांपैकी जे आज हयात आहेत त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. वार्धक्याबरोबर रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार येतात आणि त्यांच्यामागून औषधेही येतात. अशा वृद्धांच्या घरी गोळ्यांचा एक डबा असतोच.

घरातील वृद्ध व्यक्ती निवर्तली की तेराव्यानंतर तिचे कपडे व अंथरूण-पांघरूण कोणास तरी दिले जाते. औषधांचा डबा मात्र कपाटात तसाच राहतो. औषधे महाग असतात, म्हणून ती टाकवत नाहीत. शिवाय गेलेल्या माणसाचा हात त्या डब्यावर रोज फिरलेला असतो, म्हणून तो उघडवतही नाही. हा संकोच स्वाभाविक होय. तथापि त्या डब्यात नेमके काय उरले आहे, याचा विचार शास्त्रीय दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

मात्रा आणि माणूस

विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीविषयी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या वनस्पतीची पाने जलोदरासारख्या सुजेवर गुणकारी ठरतात, परंतु मात्रा थोडी वाढली तर तीच पाने विषासमान होतात, हे त्याने दाखवून दिले. हृदयविकारावर आजही दिले जाणारे डिगॉक्सिन हे याच जातीच्या वनस्पतीपासून मिळते. त्याची मात्रा ठरवताना रुग्णाचे वय, वजन, मूत्रपिंडांची शक्ती व तो घेत असलेली इतर औषधे हे सारे डॉक्टरांना पाहावे लागते.

याचा अर्थ असा की, एखादा पदार्थ स्वतःहून औषध नसतो. विशिष्ट रुग्ण, विशिष्ट विकार आणि विशिष्ट मात्रा यांचा मेळ बसला, तरच तो औषध ठरतो. रुग्ण गेला की हा मेळ मोडतो. पदार्थाची शक्ती मात्र जशीच्या तशी राहते.

कर्करोगाच्या वेदनांवर दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनचे उदाहरण घेऊ. रुग्णाच्या शरीरास त्याची हळूहळू सवय होते व मात्रा वाढवावी लागते. ज्या मात्रेने त्या रुग्णास केवळ आराम पडत असे, तीच मात्रा सवय नसलेल्या माणसाचा श्वास बंद पाडू शकते. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारखी एकच गोळी लहान मुलाच्या पोटात गेली, तरी त्याच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. आजोबांच्या कपाटातील रंगीत गोळी नातवाला खाऊसारखी दिसते, हे विसरून चालणार नाही.

गिधाडांची साक्ष

रुग्ण मेला तरी औषध मरत नाही, याचा मोठा पुरावा भारतीय उपखंडातील गिधाडांनी दिला. गिधाडांची संख्या झपाट्याने घटण्याचे कारण २००४ साली उघडकीस आले. आजारी गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिले जाई. असे जनावर लवकरच मेले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात राही. ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. भारतात या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर २००६ साली बंदी घालण्यात आली.

तीन चुकीच्या वाटा

पहिली वाट ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून औषधे ठेवण्याची. उघडलेली कुपी, ओल लागलेली पट्टी, शीतकपाटाबाहेर राहिलेले इन्सुलिन यांचा गुण कमी होतो. त्यांवर भरवसा ठेवणे हाच धोका होय.

दुसरी वाट दानाची. शेजारच्या काकांनाही रक्तदाब आहे, म्हणून उरलेल्या गोळ्या त्यांना देणे हे सद्भावनेचे कृत्य वाटते. परंतु विकाराचे नाव एक असले म्हणून औषध एक नसते. १९९२ ते १९९६ या काळात युद्धग्रस्त बोस्नियात आलेल्या देणगीच्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी निघाली. रुग्णांना दिलेली व त्यांनी परत केलेली औषधे दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालच्या मार्गदर्शनात बजावले.

तिसरी वाट सरसकट सारे मोरीत ओतण्याची किंवा जाळण्याची. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणा अनेक औषधे पूर्णपणे काढून टाकू शकत नाहीत. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ पुढे महानदीस मिळते. एका गावाचे सांडपाणी हे दुसऱ्या गावाचे पाणी असते. औषधे घरी जाळल्यास विषारी धूर निघतो.

मग करावे काय?

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात फेंटानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, डायझेपाम अशा १७ औषधांची यादी आहे. ही औषधे उरल्यास शौचकुपात टाकून पाणी सोडावे, असे त्यात म्हटले आहे. वर सांगितलेल्या नियमाशी हे विसंगत वाटेल. परंतु ही औषधे चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर प्राणावर बेतते. त्या संकटापुढे पाण्याची हानी लहान मानली आहे.

इतर औषधांसाठी परत घेणारे केंद्र हा उत्तम मार्ग होय. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ साली अशी योजना सुरू केली. केंद्र जवळ नसेल, तर औषधविक्रेत्याकडे किंवा रुग्णालयात चौकशी करावी. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेल्या औषधांची व वापरलेल्या सुयांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. तो कचरा वेगळाच द्यावयाचा असतो. कोणतीच सोय नसल्यास गोळ्या पट्टीतून काढून माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात व पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्याव्यात. सुया झाकणाच्या कठीण डब्यात बंद कराव्यात. पाकिटावरील रुग्णाचे नाव खोडावे. हे होईपर्यंत डबा कुलपात असावा.

हे काम दिवसकार्य आटोपताच घरातील एका जाणत्या व्यक्तीने अंगावर घ्यावे. रुग्णाच्या हयातीत ज्या काळजीने त्याला औषध दिले, त्याच काळजीने ते त्याच्यामागे घराबाहेर काढणे, ही त्याच्या शुश्रूषेची शेवटची पायरी होय.