‘स्टॉक ऑप्शन’ : हाती पडेपर्यंत केवळ आश्वासन

अमरावती, प्रतिनिधी – राजापेठेसारख्या वस्त्यांतून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत रुजू होणाऱ्या तरुणांच्या नियुक्तिपत्रातही आता मूळ वेतन व भत्त्यांच्या जोडीला ‘स्टॉक ऑप्शन’चा उल्लेख आढळतो. एकेकाळी बड्या अधिकाऱ्यांपुरती मानली गेलेली ही पद्धत नेमकी आहे तरी काय?

स्टॉक ऑप्शन म्हणजे कंपनीचे समभाग आज ठरलेल्या भावाने पुढे विकत घेण्याचा हक्क. समजा, एखाद्या अधिकाऱ्यास १०० रुपये भावाने एक हजार समभागांचा हक्क मिळाला. ‘सेबी’च्या नियमांनुसार शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांत तो वापरण्यापूर्वी किमान एक वर्ष थांबावे लागते. त्यानंतर बाजारभाव २५० रुपये असल्यास लाभ दीड लाखाचा. भाव ८० रुपयांवर घसरल्यास लाभ शून्य. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी अशी योजना आणली. पुढे समभाग वधारल्याने अनेक कर्मचारी कोट्यधीश झाले.

अधिकाऱ्याचे हित भागधारकांच्या हिताशी जोडावे, हा यामागील हेतू. मात्र भाव पडल्यास भागधारकाचे भांडवल बुडते, तर अधिकाऱ्याचा केवळ संभाव्य लाभ हुकतो. त्यामुळे भाव फुगविण्याचा मोह वाढतो, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

दिलेला हक्क काढूनही घेता येतो. माजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी अहवालानंतर आयसीआयसीआय बँकेने जानेवारी २०१९ मध्ये माजी मुख्य कार्यकारी अधिकारी चंदा कोचर यांचे स्टॉक ऑप्शन रद्द केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम दिलासा नाकारला आणि २०१८ मध्ये घेतलेल्या ६ लाख ९० हजार समभागांच्या व्यवहारास मनाई केली. दरम्यान, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये खासगी बँकांच्या मुख्याधिकाऱ्यांचे स्टॉक ऑप्शन बदलत्या वेतनात मोजण्याचे आणि असे वेतन रोखण्याची वा परत घेण्याची तरतूद ठेवण्याचे बंधन घातले.

सामान्य नोकरदाराला खरा फटका बसतो तो कराचा. हक्क वापरताना बाजारभाव व ठरलेला भाव यांतील फरक वेतन समजला जातो आणि समभाग विकले नसले तरी त्यावर प्राप्तिकर लागतो. काही पात्र नवउद्योगांच्या कर्मचाऱ्यांना २०२० पासून हा कर पुढे ढकलण्याची सवलत मिळाली. विक्रीनंतर भांडवली नफ्यावरील कर निराळा.

म्हणूनच नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी ठरलेला भाव, थांबण्याचा काळ, राजीनामा दिल्यास हक्काचे काय होणार आणि कंपनी बाजारात नसल्यास समभाग कोण घेणार, हे विचारून घेणे हिताचे. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र रोख पगाराच्या हिशेबानेच ठरवावा.