जंगलवाटेवरची यंत्रं – भाग ७ : मिस्त्रीच्या हातची विलायती मोटार

मागच्या भागातली जीप ठेकेदारांची आणि वनखात्याची. डॉक्टर, वकील, कोळसा खाणीतले साहेब, बल्लारपूरच्या पेपर मिलमधले अधिकारी यांच्यापैकी ज्यांना मोटार परवडायची, त्यांच्या दारात उभी असायची ती विलायती घडणीची गाडी. आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ नावाने आलेली मॉरिस मायनर, मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड, आणि या दोघी गेल्यावरही टिकून राहिलेली अँबेसिडर. आज त्यांची आठवण निघते ती चकाकत्या क्रोमची आणि जुन्या मोटारींच्या मिरवणुकीतली. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर ज्या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या, त्या कारखान्यातून निघाल्या तशा राहिल्याच नाहीत. त्या बदलत गेल्या म्हणूनच जगल्या. मला लिहायचंय ते या बदललेल्या गाड्यांबद्दल.

कापाकापी मायनरच्या जन्मातच आहे. अॅलेक इसिगोनिसने आखलेली ही गाडी १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. उत्पादन सुरू व्हायला आलं तेव्हा त्याला ती अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून सरकवत नेले आणि चार इंचांचं अंतर पडल्यावर थांबवलं. तेवढी रुंदी त्याच्या डोळ्यांना पटली. बंपर मात्र आधीच बनून आले होते, म्हणून तेही मधून कापले आणि फटीत पट्टी बसवली. सुरुवातीच्या मायनरच्या बंपरवर ती जोडपट्टी दिसते आणि बॉनेटच्या मधोमध चार इंचांचा सपाट पट्टा दिसतो. इंग्लंडमध्ये बनून दहा लाखांच्या वर खपलेली ही पहिली मोटार.

तिच्याही आधी तिथे ऑस्टिन सेव्हन होती. १९२२ साली आलेली, जेमतेम पाऊण लिटर इंजिनाची. जुनी झाली की ती कवडीमोलाने मिळायची. तरुण मुलं तिची बॉडी उतरवून फेकायची आणि चासीवर पत्र्याची, लाकडाची नवी गाडी उभी करायची. कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये घडवलेली पहिली लोटस अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभी होती. गाडी स्वस्त असली, तिच्या पोटात काय आहे ते उघड दिसत असलं, की माणसाचा हात धजावतो. हे तिथेही झालं आणि आपल्याकडेही. फरक एवढाच की तिथल्या पोरांना गाडी पळवायची होती आणि आपल्याला ती पोचवायची होती.

आपल्याकडे हे का झालं, याचं मूळ सरकारी धोरणात आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्यांनी आवरतं घ्यावं. ज्यांना इथे गाडी बनवायची असेल त्यांनीच राहावं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. उरले ते हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि स्टँडर्ड. हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेतला, १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिची अँबेसिडर झाली आणि २०१४ पर्यंत ती निघत राहिली. ग्राहकाच्या वाट्याला वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी आली. पण एकच गाडी इतकी वर्षं चालल्यामुळे तिचा नट न् नट पाठ असलेली मिस्त्री मंडळी गावोगाव तयार झाली, हेही खरं.

आता आपल्या भागाकडे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. अशा दुपारी चढ चढून आलेली गाडी थांबवली की पुन्हा सुरू व्हायला कुरकुर करायची. मिस्त्री म्हणायचे, ‘पेट्रोल उडते.’ इंजिनाच्या धगीने नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाची रचना पातळ पदार्थ ओढायची. वाफ नुसती दाबली जाते आणि सुटते, पुढे काही जात नाही. त्यावरचा उपाय बॉनेटखालीच असायचा: पंपाभोवती गुंडाळलेलं फडकं आणि सीटखाली पाण्याची बाटली. फडकं भिजवायचं, पाणी सुकताना धग ओढून घेतं, दहा मिनिटांनी स्टार्टर मारायचा. काही मिस्त्री पेट्रोलची नळीच इंजिनापासून लांबून फिरवून द्यायचे. विलायतेतल्या आखणाऱ्याच्या मनात हे ऊन कधी आलंच नसेल.

मग रस्ते. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणारा शंभरेक किलोमीटरचा रस्ता ज्यांनी पावसाळ्यानंतर पाहिलाय, त्यांना सांगायला नको. अँबेसिडरच्या मागे कमानपाटे असतात. त्यात एक जादा पाटा घातला की गाडी वर उचलली जायची, खड्ड्यात बूड घासायचं नाही, आणि मागे माणसांबरोबर तांदळाची पोतीही बसायची. पुढच्या बाजूला पाटे नाहीत. तिथे पीळ देऊन काम करणारी लोखंडी दांडी आहे. तिचा पीळ वाढवला की नाकही वर येतं. कंपनीच्या पुस्तकात हे दुरुस्तीपुरतं दिलेलं. मिस्त्रींनी त्यातून जंगलातली गाडी बनवली.

सगळ्यात मोठा फेरफार डिझेलचा. पेट्रोल महागलं, डिझेल स्वस्त राहिलं, आणि भाड्याने चालणाऱ्या गाडीचं गणित बदललं. कंपनीने १९८० च्या सुमारास १४८९ सीसीचं डिझेल इंजिन दिलं, पण हातातल्या जुन्या पेट्रोल गाडीचं काय? तिच्यात मॅटाडोर व्हॅनचं इंजिन बसवायचं. मूल रोडवरच्या एका जुन्या गॅरेजात ही रीत मी विचारली. इंजिन मिळणं सोपं, फाउंडेशन अवघड, असं मिस्त्री म्हणाले. नव्या इंजिनाचे पाय जुन्या जागी बसत नाहीत, म्हणून चासीला कोन वेल्ड करायचे. गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही, म्हणून मधे लेथवर बनवलेली जाड प्लेट घालायची. ती थोडी जरी तिरकी बसली तरी क्लच खाऊन टाकते. पुढचं वजन वाढतं, मग दांडीला पुन्हा पीळ.
‘आणि ब्रेक?’ मी विचारलं.
‘ब्रेक तेच जुने, भाऊ. काहून खोटं बोलू? म्हणून तं गाडी हळू चालवा म्हणून सांगो.’

या उत्तराला मी महत्त्व देतो. कारागिरी खरी होती आणि धोकाही खरा होता.

हेराल्डची गोष्ट थोडक्यात. तिचं अख्खं नाक पुढे उघडतं. मिस्त्री चाकावर बसून इंजिनाचं काम करू शकतो. बॉडी चासीला बोल्टने जोडलेली, म्हणून इंग्लंडमध्ये तिच्या चासीवर हौशी लोकांनी वाटेल तशा गाड्या रचल्या. पण मागची चाकं सुटी हलणारी, आणि ती व्यवस्था आपल्या मिस्त्रींच्या पचनी पडली नाही. १९७२ मध्ये तिच्या जागी आलेल्या स्टँडर्ड गझेलमध्ये कंपनीनेच तिथे साधा सरळ एक्सल टाकला. कारखान्यानेच मिस्त्रीचं ऐकल्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

आज या गाड्यांना कायद्यात जागा कुठे? २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली: पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमातही मूळ नमुन्याशी विसंगत फेरफाराला मनाई आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांसाठी हे योग्यच आहे. जुन्या ब्रेकवर जड इंजिन कुणी चालवू नये. पण वारसा म्हणून जपायचं ठरवलं तर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी पात्र ठरते, आणि सिरोंच्यापर्यंत आजारी माणसं वाहून नेणारी, पाटा वाढवलेली, डिझेलवर आणलेली गाडी भंगारात जाते. तपासणी करून, फक्त प्रदर्शनापुरती का होईना, अशा गाड्यांची वेगळी नोंद व्हायला हवी.

परवानगी घेऊन केलेला बदल जुन्या आर.सी. बुकात नोंदला जायचा. ज्यांच्या घरी असं पुस्तक पडलेलं असेल, त्यांनी इंधनाची नोंद खोडून नवी केलेलं पान जपून ठेवावं, आणि काम कोणत्या मिस्त्रीने केलं ते त्याच पानामागे लिहून ठेवावं.

(पुढच्या आठवड्यात : काळी-पिवळी आणि तिच्या टपावरचा प्रवास)