आम्ल जठरातले, जळजळ अन्ननलिकेत

माणसाच्या जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर जठररस पाझरतो. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे रिकाम्या जठराचा सामू १.५ ते ३.५ इतका खाली असतो. जठराच्या अस्तरावर बायकार्बोनेट मिसळलेल्या चिकट श्लेष्म्याचा थर असल्याने त्याला या आम्लाची बाधा होत नाही. अन्ननलिकेला मात्र असे कवच नाही. तेच आम्ल वर चढून तिच्या अस्तराला लागले की छातीच्या मध्यभागी आग होते, आंबट पाणी घशाशी येते, करपट ढेकर येतात. घरोघरी ज्याला ‘ॲसिडिटी’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारी या प्रकारच्या असतात.

अशा बहुतेक रुग्णांच्या जठरात आम्ल काही प्रमाणाबाहेर तयार होत नसते. ते नको तिथे पोहोचते आणि तिथे रेंगाळते. म्हणूनच जेवणाची वेळ, घासांचे प्रमाण, पोटाचा घेर आणि झोपण्याची पद्धत यांना पथ्याच्या यादीइतकेच, कित्येकदा त्याहून जास्त महत्त्व असते.

झडप सैल का होते?

अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या खालच्या टोकाशी तीन-चार सेंटिमीटरचा स्नायूंचा पट्टा झडपेचे काम करतो आणि श्वासपटलाचे स्नायू त्याला बाहेरून आवळून धरतात. घास गिळताना ही झडप उघडते, एरवी मिटलेली असते. जठर ताणले गेले की मात्र ती गिळण्याशिवायही काही सेकंद सैल पडते. अडकलेली हवा ढेकराच्या रूपाने बाहेर पडावी, यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे. त्याच वाटेने आम्लही वर येते.

थोडे आम्ल प्रत्येकाच्याच अन्ननलिकेत चढते. ते मोजण्यासाठी नाकावाटे एक बारीक नळी आत सरकवून तिचा संवेदक झडपेच्या पाच सेंटिमीटर वर ठेवतात आणि चोवीस तास नोंदी घेतात. अन्ननलिकेतला सामू ४ च्या खाली राहण्याचा काळ एकूण वेळेच्या ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ५८ मिनिटांपर्यंत असला, तर तो सामान्य धरला जातो. हा काळ ६ टक्क्यांच्या पुढे गेला की आजार आहे असे मानतात.

जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकला असेल, म्हणजे हायाटस हर्निया असेल, तर झडपेचा बाहेरचा आधार सुटतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैलावते आणि वाढत्या गर्भाशयाचा दाबही पडतो. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या काही औषधांनीही झडपेची पकड कमी होते. अशी औषधे परस्पर बंद न करता डॉक्टरांच्या कानावर घालावीत.

ताटात काय आणि किती

पहिला नियम प्रमाणाचा. तुडुंब जेवणाने जठर ताणले जाते आणि झडप पुन्हा पुन्हा सैल होते. तेवढेच अन्न दोन-तीन वेळांत विभागून खाल्ले की हा ताण कमी होतो. उपवासाच्या दिवशी नेमके उलटे घडते. सकाळभर चहावर काढायचे आणि मग शेंगदाण्याचे कूट, तूप, हिरवी मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खायची, यात रिकामे पोट, भरपूर स्निग्धांश आणि मोठे जेवण एकत्र येते.

स्निग्ध पदार्थांनी झडपेचा दाब उतरतो आणि जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. वडे-भजी किंवा तर्रीदार मिसळ खाल्ल्यावर बराच वेळ जळजळ होते, त्यात तेलाचा वाटा मोठा असतो. तिखटाची तऱ्हा वेगळी. मिरचीतले कॅप्सेसिन अन्ननलिकेतल्या वेदनेच्या मज्जातंतूंना थेट चेतवते, त्यामुळे थोडे आम्लही जास्त झोंबते. चॉकलेट, पुदिना आणि मद्य यांनी झडप ढिली पडते. सोडायुक्त पेयांतला वायू जठर फुगवतो. धूम्रपानाने झडपेची पकड कमी होते, शिवाय आम्ल धुऊन काढणाऱ्या लाळेचा पुरवठाही घटतो.

तरीही ही यादी सरसकट सर्वांना लागू पडत नाही. एकाला चहाने त्रास होतो, दुसऱ्याला टोमॅटोने, तिसऱ्याला दोन्ही पचतात. दोन आठवडे काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि जळजळ कधी झाली हे वहीत लिहिले की ज्याचे त्याला कळते. मग तेवढेच पदार्थ वगळावेत. विनाकारण निम्मे ताट वर्ज्य केल्याने आहार निकृष्ट होतो.

थंड दुधाने तात्पुरते बरे वाटते, कारण ते काही वेळ आम्ल सौम्य करते. पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम पुढे आम्लाचा स्राव वाढवतात. खाण्याच्या सोड्याचेही तसेच. आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, जठर फुगते, ढेकर येतो आणि झडप पुन्हा उघडते. सोड्यातल्या सोडियममुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी तर तो रोज घेऊ नये.

जेवण आणि झोप यांतले अंतर

जेवणानंतर अन्न आम्लाला सौम्य करते खरे, पण जठराच्या वरच्या भागात, झडपेच्या अगदी खाली, ताज्या आम्लाचा एक थर अन्नात न मिसळता तरंगत राहतो. ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये तो दाखवून दिला. जेवून लगेच आडवे झाल्यावर जळजळ का होते, हे यावरून उमगते. आडव्या शरीरात गुरुत्वाकर्षणाची मदत मिळत नाही. झोपेत गिळणे आणि लाळ दोन्ही कमी होत असल्याने वर आलेले आम्ल खाली ढकलले जात नाही. म्हणून रात्रीचे जेवण झोपण्याच्या किमान दोन-तीन तास आधी उरकावे. रात्री अकराला झोपणाऱ्याने आठच्या सुमारास जेवावे. शतपावली करावी, पण जेवल्या जेवल्या ओणवे होऊन वाकण्याची कामे टाळावीत.

पलंगाची उशाकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलल्यास रात्रीचा त्रास कमी होतो. त्यासाठी पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवता येतात, नाहीतर पाठीखाली पाचरीच्या आकाराची उशी घ्यावी. उशांवर उशा रचल्या तर फक्त मान वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपणेही हिताचे, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅमच्या अभ्यासात डाव्या कुशीवर अन्ननलिकेतले आम्ल सुमारे ३५ सेकंदांत ओसरत होते, उजव्या कुशीवर त्याला सुमारे ९० सेकंद लागत होते. वामकुक्षीची जुनी सवय या बाबतीत योग्य दिशेची आहे, फक्त ती जेवून उठल्या उठल्या नको.

वजन आणि पोटावरचा दाब

पोटाभोवती साठलेली चरबी जठराला खालून दाबते. जीवनशैलीतल्या बदलांचा २००६ मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा वजन उतरवणे आणि उशाकडची बाजू उचलणे या दोन उपायांना भक्कम पुरावा सापडला. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत तर वजन मर्यादेत असलेल्या स्त्रियांचेही काही किलो वाढले की जळजळ वाढल्याचे आढळले. घट्ट पट्टा, आवळून बांधलेली नाडी यांनीही पोटावरचा दाब वाढतो.

परिचारिकांच्या अशाच दुसऱ्या पाहणीच्या २०२१ च्या विश्लेषणात पाच सवयी तपासल्या गेल्या: वजन आटोक्यात, धूम्रपान नाही, रोज किमान अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-सोडा दोन पेल्यांपर्यंत आणि समतोल आहार. या पाचही सवयी असलेल्यांमध्ये जळजळीचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होते. पोटाने खोल श्वास घेण्याच्या सरावाने श्वासपटलाची पकड सुधारते, असेही एका नियंत्रित चाचणीत दिसले आहे.

औषधे आणि धोक्याच्या खुणा

एवढे करूनही जळजळ आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल, तर डॉक्टर ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशा आम्लस्राव रोखणाऱ्या गोळ्या देतात. त्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतल्यास नीट लागू पडतात. वर्षानुवर्षे मनाने गोळी घेत राहणे मात्र बरे नाही. अधूनमधून तिची गरज तपासून घ्यावी लागते.

गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता एंडोस्कोपीविषयी डॉक्टरांना विचारावे. वर्षानुवर्षे आम्ल लागत राहिलेल्या अन्ननलिकेचे अस्तर बदलून पुढे कर्करोगाची शक्यता वाढू शकते. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम फुटला, दम लागला किंवा कळ हात-जबड्याकडे गेली, तर ते आम्लपित्त समजू नये. हृदयविकाराचा झटका गृहीत धरून ताबडतोब रुग्णालय गाठावे.