आधी झाड, मग आराखडा

पर्यावरणपूरक बांधकाम म्हटलं की आपली चर्चा लगेच साहित्याच्या यादीवर येते. बांबू, माती, चुना, छपरावर सौर पॅनेल. यादी चांगली असते, पण ती हाती घेतली जाते आराखडा पक्का झाल्यावर. आधी आकार ठरतो, मग त्या आकाराला चालेल असा माल बाजारात शोधला जातो. तो कुठून आला, त्यापायी किती वाया गेलं, हे प्रश्न पुरवठादाराच्या चलनाखाली दबून जातात. हा क्रम उलटा करायचा असेल, तर आराखडा काढणाऱ्यालाच साहित्य जिथे उगवतं तिथे नेऊन बसवलं पाहिजे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं हुक पार्क हे असं ठिकाण आहे. जंगल, कार्यशाळा आणि वास्तुरचनेची शाळा तिथे एकाच कुंपणात नांदतात. तिथल्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या वास्तू लाकडी आहेत म्हणून मोलाच्या नाहीत. त्यांनी बांधकामाचा नेहमीचा क्रम उलटा करून दाखवला, हे त्यांचं मोल आहे.

सुमारे दीडशे हेक्टरांचं हे लागवडीचं जंगल १९८३ मध्ये फर्निचरकार जॉन मेकपीस यांच्या पार्नहॅम ट्रस्टने विकत घेतलं. दाट लागवडीत काही वर्षांनी विरळणी करावीच लागते. कमजोर, बारीक झाडं काढली तरच उरलेली पोसतात. काढलेले हे सडपातळ सोट करवतीच्या गिरणीला नको असतात. ते कागदाच्या लगद्यात, कुंपणात नाहीतर चुलीत जातात. मेकपीस यांचा प्रश्न साधा होता: यातून घर का उभं राहू नये? न कापलेल्या गोल सोटातले तंतू अखंड असतात, म्हणून जाडीच्या मानाने तो चिवट असतो. फळ्या पाडताना करवत नेमके हेच तंतू तोडते. अडचण असते ती टोकाशी, कारण ताण घेणारा बारीक वासा दुसऱ्याला जोडायचा कसा? जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओटो, लंडनची एबीके ही वास्तुरचना संस्था आणि ब्यूरो हॅपोल्डचे अभियंते यांनी टोकाला भोक पाडून त्यात इपॉक्सी राळ आणि पोलादी सळई बसवली. असे वासे तंबूच्या कापडासारखे झोळ देऊन टांगले आणि पहिल्या वास्तूचं छप्पर झालं. नंतर बांधलेल्या कार्यशाळेच्या इमारतीत ओलेच वासे वाकवून कमानी केल्या. या दोन्ही वास्तू विद्यार्थ्यांच्या नाहीत, नामांकित व्यावसायिकांच्या आहेत. पण साहित्य काय आहे ते पाहून मग आकार ठरवण्याची रीत त्यांनी तिथे रुजवली.

२००२ मध्ये लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुरचना शाळेकडे हुक पार्क आलं, आणि २०१० नंतर ‘डिझाइन अँड मेक’ अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी एकेक वास्तू उभी करायला सुरुवात केली. २०१२ चं मोठं जोडणीगृह, लाकूड वाळवण्याचा निवारा, बॉयलरघर या सगळ्या रोजच्या गरजेच्या वास्तू आहेत, प्रदर्शनातले नमुने नव्हेत. त्यांतलं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे २०१६ चं लाकडाच्या चिपा साठवण्याचं कोठार. बीच झाडाचं खोड जिथे दुभंगतं तो बेचक्याचा भाग इमारती लाकूड म्हणून कुणी घेत नाही, तो सरपणात जातो. वास्तविक तिथे झाडाने स्वतःच एक सांधा घडवलेला असतो, आणि तंतू एका फांदीतून खोडात सलग उतरत असल्याने तो सांधा विलक्षण मजबूत असतो. आपल्याकडे गोठ्याला किंवा मांडवाला मेढ रोवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. विद्यार्थ्यांनी उभ्या झाडांच्या बेचक्यांची छायाचित्रं घेऊन नोंद केली, निवडलेल्यांचं त्रिमितीय स्कॅनिंग केलं, आणि संगणकाला हव्या त्या आकाराच्या बेचक्या मागण्याऐवजी मिळालेल्या बेचक्या कैचीत कुठे चपखल बसतील ते विचारलं. यंत्रमानवी हाताने फक्त सांध्यापुरत्या खाचा कोरल्या, बाकीचं लाकूड झाडावर होतं तसंच राहिलं. अशा वीस बेचक्यांनी सुमारे २५ मीटर लांबीची कमानदार कैची पेलली आहे, आणि तिच्या आडोशाला शाळेला ऊब देणारं इंधन साठतं.

यावर पहिला आक्षेप असा, की सरपण वाचवायला स्कॅनर आणि यंत्रमानव आणणं ही उलटी काटकसर झाली. इपॉक्सीही काही निसर्गाची देणगी नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. एका कोठाराचाच हिशेब मांडला तर खर्च जड वाटेल. पण शाळेतली वास्तू केवळ निवारा नसते, ती प्रयोगाची लेखी नोंदही असते. वाकडं लाकूड मोजून, त्याला अनुरूप खाच कोरून वापरता येतं हे एकदा सिद्ध झालं की पुढच्याने ते सुताराच्या हातांनी करावं की यंत्राने, हा परिस्थितीचा प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. विद्यार्थ्यांच्या श्रमांना मजुरी नाही, अभियंते मदतीला आहेत आणि जंगल दाराशी आहे, मग बाहेर हे कोण करणार? हुक पार्कचा आकार उचलून दुसरीकडे नेता येणार नाही, हे मान्यच आहे. क्रम मात्र नेता येतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाचा १९९३ पासून चालणारा ‘रूरल स्टुडिओ’ जंगलात नाही, गरीब खेड्यांत आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आवारात राहण्याच्या खोल्या बांधल्या, आणि त्यांतली एक मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांची आहे. मेणामुळे तो पुठ्ठा पुन्हा लगद्यात घालता येत नाही, म्हणजे तो टाकाऊच. मजुरीच्या प्रश्नालाही या स्टुडिओने बगल दिली नाही. २००५ पासून त्यांनी साहित्य आणि मजुरी धरून २०,००० डॉलरमध्ये बसेल अशा घराचा ध्यास घेतला. आपल्याकडे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तोही हुक पार्क विकत घेतलं गेलं त्याच साली, १९८३ मध्ये. पाबळ अवर्षणप्रवण, तिथे लाकडाचा आग्रह धरणं हीच उधळपट्टी ठरली असती. म्हणून तिथे मुलं त्रिकोणांत जोडलेल्या लोखंडी सांगाड्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर देऊन घुमट बांधायला शिकली. कमी मालात भूकंपालाही टिकाव धरणारा हा घुमट १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उपयोगी पडला. डॉर्सेटचं लाकूड, अलाबामातला पुठ्ठा आणि पाबळचं लोखंड यांत साम्य शोधून सापडणार नाही, पण तिन्ही ठिकाणी परिसरात काय आहे आणि काय नाही हे आधी पाहिलं गेलं.

बांधलेली वास्तू आवारातच राहते, याचाही मोठा फायदा आहे. ओलं लाकूड वाळताना आडव्या अंगाने आकसतं, सांधे सैल होतात, पावळीचं पाणी पायाशी मुरतं. व्यवसायात हे कळेपर्यंत वास्तुरचनाकार दुसऱ्या कामावर गेलेला असतो. शाळेत मात्र पुढची तुकडी त्याच छपराखाली काम करते आणि चूक तिच्या डोळ्यांसमोर असते. टिकाऊपणाचा दावा काळच तपासतो, आणि ती तपासणी अभ्यासक्रमात बसवणं हे फक्त शाळेलाच शक्य आहे. महाराष्ट्रातल्या वास्तुरचना महाविद्यालयांना यासाठी दीडशे हेक्टर जंगल नको. परिसरात वाया जाणारा एक माल निवडावा, त्यातून सायकलींची शेड किंवा कँटीनचा ओटा विद्यार्थ्यांनी बांधावा, आणि निम्मे गुण पाच वर्षांनी त्या बांधकामाची डागडुजी करणाऱ्या तुकडीच्या अहवालासाठी राखून ठेवावेत. पदवी आधी आणि निकाल नंतर, ही व्यवस्था परीक्षा विभागाला पटणार नाही. पण इमारतींच्या बाबतीत निकाल नेहमी असाच, उशिरा लागतो.