सहीआधीचा शेवटचा वाचक

‘पात्र असल्याने’ आणि ‘पात्र नसल्याने’ यांत एका अक्षराचा फरक आहे. सरकारी पत्रात त्या एका अक्षरावर कुणाचे निवृत्तिवेतन अडते, कुणाच्या जमिनीचा दावा फेटाळला जातो. मसुद्यावर अधिकारी बारकाईने नजर फिरवतो, खाडाखोड करतो, मंजुरी देतो. पण स्वच्छ प्रत त्याच्यासमोर येते ती सहीसाठी, आणि तोवर मजकूर आपलाच आहे या विश्वासाने तो सही करतो. मसुदा आणि सही यांच्या मधल्या जागेत टंकलेखक बसलेला असतो. त्या कागदाचा प्रत्येक शब्द सुटा सुटा पाहणारा तो शेवटचा माणूस.

नोकरीच्या जाहिरातीत मात्र त्याच्या कामाचे वर्णन दोन आकड्यांत संपते: मराठी ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी ४०. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेत ३०च्या वेगासाठी सात मिनिटांत २१० शब्दांचा उतारा उतरवावा लागतो. वेग हवाच, त्याशिवाय कामाला सुरुवातच होत नाही. पण माझ्या मते वेग हे या कामाचे सर्वांत सोपे अंग आहे. सरावाने तो कुणालाही येतो.

अवघड असते ते मसुदा वाचणे. मंत्रालयातला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातला जुना मसुदा डोळ्यांसमोर आणा. लिपिकाने एका बाजूला रुंद समास सोडून लिहिलेला मजकूर. त्यावर कक्ष अधिकाऱ्याची दुरुस्ती, त्यावर उपसचिवांची. कुठे बाण काढून परिच्छेद वर नेलेला, कुठे समासात उभे लिहिलेले वाक्य, कुठे खोडलेला शब्द पुन्हा कायम केलेला. कुणाची दुरुस्ती अखेरची, कुठली शाई कुणाची, हे टंकलेखकाला सांगावे लागत नसे. शिवाय साहेबांचा ‘ध’ आणि ‘घ’ सारखाच दिसतो, ‘मा.’ म्हणजे इथे ‘माननीय’ की ‘मागील’, हेही तो संदर्भावरून ओळखी. शासन निर्णयाचा साचा त्याला पाठ असे: वर विभागाचे नाव, क्रमांक, पत्ता, दिनांक; मग ‘वाचा’खाली संदर्भ, प्रस्तावना, प्रत्यक्ष निर्णय, राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही, आणि शेवटी ‘प्रति’ची लांब यादी. अर्धशासकीय पत्र, ज्ञापन, परिपत्रक, अधिसूचना यांचा प्रत्येकाचा बाज निराळा. ज्ञापनात ‘महोदय’ घालायचे नाही, अर्धशासकीय पत्रात नावाने संबोधायचे, हे चांगल्या टंकलेखकाच्या बोटांनाच ठाऊक असे.

आणि यंत्र? इंग्रजीसाठी घडलेल्या सांगाड्यात देवनागरी बसवताना अक्षरे फोडावी लागली. रेमिंग्टन मांडणीत ‘श’ ही एक कळ नाही. आधी अर्धा ‘श्’, मग दांडा म्हणून काना. ख, ण, थ, ध, भ यांचेही तसेच. त्यामुळे ‘शासन’ या साध्या शब्दाला पाच ठोके लागतात: श्, काना, पुन्हा काना, स, न. ‘ओ’ हा अ, काना आणि मात्रा असा तीन ठोक्यांत उभा राहतो. ‘ई’ तर ‘इ’वर रफार चढवून होते. ‘मुंबई’ टंकायला सहा ठोके, पण कागदावर जागा तिघांचीच, कारण उकार, अनुस्वार आणि रफार यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही.

हे जागेचे गणित मथळा मध्यावर आणताना कामी येई. कॅरेज कागदाच्या मध्यावर आणायची, आणि मथळ्यातल्या दर दोन जागांमागे एकदा मागे सरकायचे. पण जागा मोजताना मात्रा, उकार, अनुस्वार वगळायचे. अर्धे अक्षर आणि काना मात्र धरायचे. दहा रकान्यांचे विवरणपत्र असेल तर हेच दहादा. प्रत्येक रकान्याची रुंदी त्यातल्या सर्वांत लांब नोंदीवरून काढायची, टॅब लावायचे, आकड्यांची उजवी बाजू एका रेषेत ठेवायची. आडव्या रेघाही यंत्रावरच मारायच्या. असे एक विवरणपत्र मी जुन्या नस्तीत बराच वेळ पाहत बसलो होतो. तालुकावार आकडे, खाली बेरीज, आणि कार्बनच्या निळ्या प्रतीतसुद्धा दशकाखाली दशक, शतकाखाली शतक. तो कागद करणाऱ्याने टंकण्याआधी पेन्सिलीने किती हिशेब मांडला असेल, हे त्याच्या नीटनेटकेपणातच दिसत होते.

कार्बन प्रतींमुळे चूक महाग होती. एका मूळ कागदामागे चार-पाच पातळ कागद असले, तर एक अक्षर सुधारण्यासाठी प्रत्येक प्रतीवर रबर फिरवायचे, मागच्या प्रतीला डाग पडू नये म्हणून मध्ये कागदाचा कपटा सरकवायचा, आणि मग बरोबर त्याच जागी कॅरेज आणून पुन्हा ठोका द्यायचा. परिपत्रकाच्या शेकडो प्रती हव्या असल्या की स्टेन्सिल. रिबनचा खटका फिरवला की टाइप थेट मेणकागदावर बसून अक्षर कोरले जाई. ठोका हलका पडला तर छपाई फिकी, जड पडला तर ‘व’चे किंवा शून्याचे पोट तुटून बाहेर पडे आणि सायक्लोस्टाइलवर तिथे काळा ठिपका उमटे. दहाही बोटांची ताकद सारखी ठेवणे, करंगळीचीसुद्धा, हे कसब महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने येई.

प्रत तयार झाली की रुजुवात. एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टंकलेल्या प्रतीवर बोट ठेवून जायचे. स्वल्पविराम, कंस, आकडे, सगळे उच्चारून. मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. उदाहरण घ्या. अर्थसंकल्पात २०५३ हे जिल्हा प्रशासनाचे मुख्य लेखाशीर्ष आहे. त्यातले दोन अंक उलटे पडून २०३५ झाले, तर तेही अस्तित्वात असलेले, पण मालमत्तेवरील करवसुलीच्या खर्चाचे लेखाशीर्ष आहे. डोळ्याला काहीच खटकत नाही. कोषागारात देयक अडते आणि ज्याचे पैसे आहेत तो खेपा घालत बसतो. अशी चूक डोळा पकडत नाही, कान पकडतो. म्हणूनच रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिण्याची पद्धत आहे, आणि दोन्ही जुळतात का हे पाहणे हाही त्याच टेबलाचा भाग होता.

महाराष्ट्रात हे काम मराठीत वाढले त्यामागे राज्याचा निर्णय आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, त्याने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश दिले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर मराठीचा वापर कार्यालयांत पसरत गेला. कोशातला शब्द रुळतो तो वारंवार टंकला जाऊन. ‘कार्यासन’, ‘नस्ती’, ‘अनुज्ञेय’, ‘प्रतिनियुक्ती’ हे शब्द तालुक्यापर्यंत पोचवण्याचे श्रेय कोशकारांइतकेच टंकलेखकांनाही द्यायला हवे. यंत्रेही इथेच होत होती. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरपर्यंत त्याचे उत्पादन चालू ठेवले.

तालुक्याच्या गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटबद्दल स्वतंत्र लेख व्हावा. एका खोलीत ओळीने यंत्रे, तासातासाच्या बॅचेस, पानेच्या पाने ‘ए एस डी एफ जी एफ’. दहावी-बारावी झालेल्या मुलींना घराबाहेर पडून नोकरीच्या वाटेला लागायला जी मोजकी दारे उघडी होती, त्यांत हे एक होते. अनुकंपा तत्त्वावर लिपिक-टंकलेखक म्हणून लागलेल्यांनाही ठरावीक मुदतीत प्रमाणपत्र द्यावे लागते. घरातला कर्ता माणूस गेल्यानंतर संसार आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी या यंत्रांपुढे बसलेल्या बायका अनेक गावांनी पाहिल्या आहेत.

मग संगणक आला. सुरुवातीला टंकलेखकांना फारसे अडले नाही, कारण फॉन्ट रेमिंग्टन मांडणीचे होते. अडले ते युनिकोड आणि इनस्क्रिप्टशी गाठ पडल्यावर. १९८६ साली प्रमाणित झालेली इनस्क्रिप्ट मांडणी उच्चाराच्या क्रमाने चालते. ऱ्हस्व वेलांटी दोन्ही मांडण्यांत डाव्या तर्जनीखालीच आहे; पण रेमिंग्टनवर ती अक्षराच्या आधी मारायची, इनस्क्रिप्टवर नंतर. ‘कर्ज’ लिहिताना जुना हात क, ज आणि मग रफार अशा क्रमाने जातो, नव्याला क, र, हलन्त, ज हवे. वीस-पंचवीस वर्षांची सवय बोटांतून काढणे किती कष्टाचे असते, याची दखल प्रशिक्षण देणाऱ्यांनी क्वचितच घेतली. बदल गरजेचा होता यात शंका नाही. युनिकोडमुळे शासन निर्णय संकेतस्थळावर शोधता येतो.

गेल्या दशकात परीक्षाही यंत्रावरून संगणकावर गेली. अभ्यासक्रमात पत्र आणि विवरणपत्र टिकून आहेत, ई-मेलची भर पडली. कार्यालयात मात्र निव्वळ टंकलेखक उरला नाही. लिपिक-टंकलेखक स्वतःच टिपणी लिहितो, टंकतो आणि सादर करतो. अधिकारी मोबाइलवर बोलून मजकूर उमटवतात, जुनी फाइल उघडून नाव-तारीख बदलून नवे पत्र काढतात. त्यात आधीच्या अर्जदाराचा गट नंबर तसाच राहून गेलेली पत्रे लोकांच्या हातात पडतात. दुरुस्तीपत्रक निघते, त्याला महिने लागतात. यंत्राबरोबर मसुदा आणि स्वच्छ प्रत यांच्यामधला दुसरा माणूसही गेला, आणि त्याच्या जागी कुणाला बसवायचे हे ठरवायचे राहून गेले. कार्यालयांनी एवढे तरी करावे: ज्या कागदावर रक्कम, गट नंबर किंवा सेवेचा कालावधी आहे, तो सहीला जाण्यापूर्वी दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा. एका पानाला तीन-चार मिनिटे लागतात.