जुनी बोलेरो ठेवू की नवी स्कॉर्पिओ-एन काढू? नाक्यावरचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलता बोलता झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

आजचा विषय माझ्या घरातला आहे. पण गेल्या वर्षभरात नाक्यावरच्या दुकानात इतक्या जणांनी मला हाच प्रश्न विचारला, की म्हटलं, एकदाचा पूर्ण हिशोबच मांडू. प्रश्न असा: जुनी गाडी अजून चांगली चालते, नवी दुप्पट किमतीची आहे, मन नवीकडं ओढतंय. काय करायचं?

आधी माझी बाजू सांगतो. मी राहतो कनेरगाव नाक्याला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हिंगोली-वाशिम रस्त्यावर मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो, त्या शिवेवरचं हे गाव. माझं बी-बियाण्यांचं दुकान आणि थोडी शेती. वडिलांकडं मार्शल होती. मी २०१४ साली बोलेरो काढली, २,५२३ सीसीचं जुनं इंजिन, ६३ अश्वशक्ती. आज ती सव्वादोन लाख किलोमीटर फिरली आहे. खताची पोती, हळदीचे कट्टे, लग्नाचं वऱ्हाड, रात्री-बेरात्री नांदेडचा दवाखाना, सगळं तिनं केलं. म्हणजे आम्ही एकाच कंपनीचे, दोन पिढ्यांचे गिऱ्हाईक. नाक्यावर कुणी बोलेरोला नाव ठेवलं तर मी भांडायला उठतो, हे दुकानात बसणाऱ्यांना माहीत आहे.

मग अडचण कुठं आली? अडचण रस्त्यानं आणली.

आपला अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१, चौपदरी झाला. पूर्वी खड्ड्यांमुळं गाडी साठच्या वर जातच नव्हती. आता नव्वद कधी होतात ते कळत नाही. दिवाळीनंतर एका रात्री आम्ही हिंगोलीहून परत येत होतो. पुढं ट्रॅक्टर-ट्रॉली, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. मी ब्रेक मारला. गाडी थांबली, पण आडवी सरकून थांबली. माझ्या गाडीत एबीएस नाही, एअरबॅग नाही. मागच्या आडव्या सीटवर माझी दोन लेकरं आणि भाची बसली होती. तिघंही एकमेकांच्या अंगावर पडली. भाचीच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "बाळा, गाडी तीच हाय, रस्ता बदललाय."

तिचं ते वाक्य मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त लागलं.

आता हे जरा समजून घेऊ. वेग साठचा शंभर झाला की आपल्याला वाटतं, चाळीसच वाढला. पण धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. साठच्या मानानं शंभरला ती जवळजवळ पावणेतीन पट होते. थांबायला लागणारं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं. म्हणजे साठच्या रस्त्यावर जी गाडी पुरेशी होती, ती शंभरच्या रस्त्यावर पुरेशी राहीलच असं नाही. दोष गाडीचा नाही. ती दुसऱ्या रस्त्यासाठी काढली होती.

मुलगा लगेच म्हणाला, "पप्पा, स्कॉर्पिओ-एन घ्या." त्याची निवड काही चुकीची नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ५ तारे मिळाले. पण लेकरांच्या सुरक्षेसाठी ३ मिळाले, हे जाहिरात सांगत नाही. उलट बाजूला, २०२४ मध्ये बोलेरो निओला १ तारा मिळाला. लक्षात ठेवा, निओ आणि आपली चौकोनी बोलेरो या वेगळ्या गाड्या आहेत, नाव फक्त सारखं. आणि आणखी एक, ही समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगानं होते. म्हणून पाच तारे म्हणजे सव्वाशेनं पळवायचा परवाना नव्हे.

स्कॉर्पिओ-एनमध्ये तिसरी रांग समोर तोंड करून असते, आपल्यासारखी आडवी नाही. माझ्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट. पण ती रांग उघडली की मागं सामानाला जागा जवळपास उरत नाही. म्हणजे लेकरं बसवा, नाहीतर पोती टाका.

आता पैशाकडं येऊ. इथं मी वही घेऊन बसलो आणि एक गोष्ट कळली, जी मला शोरूममध्ये कुणी सांगितली नव्हती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. बोलेरो २०१६ मध्येच चार मीटरच्या आत आणली गेली, आजचं इंजिन १,४९३ सीसी, म्हणून ती १८ मध्ये बसते. स्कॉर्पिओ-एनची लांबी ४.६६ मीटर, ती ४० मध्ये. शिवाय महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर: खासगी डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांना १५ टक्के, त्यावर १७ टक्के.

हिशोबासाठी गोल आकडे धरू. नवी बोलेरो शोरूमला साडेनऊ लाख, स्कॉर्पिओ-एनचं वरचं डिझेल व्हेरियंट १८ लाख.

बोलेरोच्या साडेनऊ लाखांत जीएसटी सुमारे १ लाख ४५ हजार. वाहन कर सुमारे १ लाख २४ हजार.

स्कॉर्पिओ-एनच्या १८ लाखांत जीएसटी सुमारे ५ लाख १४ हजार. वाहन कर २ लाख ७० हजार.

विमा सोडून दोन्ही गाड्यांतला फरक झाला साधारण १० लाखांचा. त्यातले ५ लाखांच्या वर नुसता कर आहे. म्हणजे मी जे जास्तीचे दहा लाख देणार, त्यातल्या निम्म्याचीच मला गाडी मिळणार. कर देऊ नये असं मी म्हणत नाही. पण "दुप्पट पैसे म्हणजे दुप्पट गाडी" हा समज या आकड्यांपुढं टिकत नाही.

आता हप्ता. १५ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याला सुमारे साडेचोवीस हजार. सात वर्षांत व्याजच साडेपाच लाखांच्या वर. आपल्या भाषेत सांगू? सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. वर्षाचा हप्ता म्हणजे ५५ क्विंटल सोयाबीन. एकरी सात क्विंटल धरलं तर आठ एकराचं सगळं पीक, खर्च न काढता. आणि तेही हमीभाव पूर्ण मिळाला तर. पगारदाराचा पगार दर महिन्याला येतो. आपला पैसा येतो दसरा-दिवाळीला आणि हळद विकल्यावर. हप्ता मात्र आषाढातही थांबत नाही.

तिसरी शंका दुरुस्तीची. माझी जुनी गाडी नाक्यावरचा मिस्त्री आवाजावरून ओळखतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, एका वेगानं पळावी लागते. रोज घर-दुकान-शेत अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपा केल्या की जाळी तुंबते. मग मिस्त्रीच्या पान्यापेक्षा स्कॅनर जास्त लागतो. हे फक्त महागड्या गाडीचं नाही, आजच्या सगळ्या डिझेलचं आहे. पण माझ्या रोजच्या खेपा अशाच आहेत, हे मला मान्य करावं लागलं.

मग ठरवलं काय? मी माझ्या गरजा दोन रकान्यांत लिहिल्या. एका रकान्यात जे नसलं तर जीव जाऊ शकतो: एबीएस, एअरबॅग, प्रत्येकाला समोर तोंड करून सीट आणि बेल्ट. दुसऱ्यात जे नसलं तर फक्त मन खट्टू होतं: सनरूफ, मोठा स्क्रीन, लग्नात लोकांनी वळून बघणं. प्रामाणिकपणे सांगतो, शोरूममध्ये माझं मन दुसऱ्या रकान्यानं ओढलं होतं. आणि वरच्या व्हेरियंटचे जास्तीचे पैसे बरेचसे त्याच रकान्यात जातात.

म्हणून तीन गोष्टी ठरल्या. एक, बोलेरो विकायची नाही. पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतील, तेव्हा ५,००० रुपये शुल्क भरून, तपासणी करून नोंदणी वाढवू. ती शेतात आणि बाजारात चालेल. मागच्या आडव्या सीट मात्र काढून टाकल्या, आता तिथं फक्त पोती. महामार्गावर सत्तरच्या पुढं नाही.

दोन, घरच्या माणसांसाठी नवी गाडी घ्यायची, पण वरचं व्हेरियंट नाही. एअरबॅग किती, ब्रेकची कुठली सोय कुठल्या व्हेरियंटपासून, हे शोरूमकडून लेखी घेतल्याशिवाय बुकिंग नाही.

तीन, निम्मे पैसे रोख जमल्याशिवाय कर्ज नाही. आणि हप्ता एवढाच, जो दुकानाच्या सगळ्यात वाईट महिन्यातही निघेल. त्यात स्कॉर्पिओ-एनचं खालचं मॉडेल बसलं तर ते. नाही बसलं तर दुसरी कुठली, दुसऱ्या कंपनीची असली तरी.

हे शेवटचं वाक्य बोलताना मला जड गेलं, खरं सांगतो. पण मग वाटलं, माझी निष्ठा नेमकी कशाशी होती? बोनेटवरच्या नावाशी नाही. रात्री दोनला किल्ली फिरवली की गाडी चालू होणार आणि घरचे सुखरूप पोचणार, या भरवशाशी होती. तो भरवसा आता जिथं मिळेल तिथं जायचं.

मुलगा थोडा नाराज आहे. आईनं आडव्या सीट काढलेल्या पाहिल्या आणि काही बोलली नाही, फक्त मान हलवली.

तुमच्याकडं काय चाललंय? जुनी ठेवली की नवी काढली, आणि हप्ता कसा बसवला, मला नक्की सांगा. निवडक अनुभव पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर सावकाश चालवा, रात्री ट्रॉली दिसली की अंतर ठेवा, आणि स्वतःच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा. भेटू. रामराम.